कोरा रकाना

पाऊस मोजण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. तहसील कार्यालयात नव्यानं लागलेल्या कारकुनाच्या वाट्याला असंच काहीतरी येतं. पुरवठा, कूळकायदा, गौण खनिज ही वजनदार टेबलं जुन्यांकडे. नैसर्गिक आपत्तीचं संकलन आणि त्याच्या शेपटाला बांधलेला पर्जन्यमापक नव्याकडे. त्यातून आमचा तालुका सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला आलं की आकडा पाचशेच्या आतबाहेर येऊन ठेपतो. नवीन बदलून आलेले एक साहेब मला म्हणायचे, "तुमचं काम म्हणजे पगारी सुट्टी आहे."

पुढे टेबलं बदलली, बढती मिळाली, अव्वल कारकून झालो. पण सकाळी साडेआठला मोजपात्र हातात घ्यायचं काम मी सहसा कुणाला सोपवलं नाही. निवृत्त होताना शाल-श्रीफळाबरोबर पुस्तकांचा एक गठ्ठा मिळाला. त्यातली बरीच पुस्तकं चांगल्या सवयी कशा लावाव्यात याविषयीची होती. पहाटे पाचला उठा, ध्येय कागदावर लिहा, मनात फक्त चांगलंच आणा. वेळ भरपूर असल्यानं मी ती वाचली. वाईट नाहीत. पण मला जे काही थोडंफार समाधान लाभलं, ते त्या अंगणातल्या नरसाळ्यापाशी लाभलं आणि त्यातलं बरंचसं त्या पुस्तकांच्या उलट जाणारं आहे.

पर्जन्यमापक हे फार साधं प्रकरण असतं. जमिनीत पक्का रोवलेला फायबरचा डबा, वर पितळी कडेचं नरसाळं, आत पाणी साठायला बाटली. कड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणि अगदी सपाटीत हवी. जवळच्या भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवं. बाटलीतलं पाणी खुणा केलेल्या काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र सपाट जागी ठेवायचं, डोळे पाण्याच्या रेषेत आणायचे आणि पाण्याची वाटी जिथं सर्वांत खाली टेकते तो आकडा वाचायचा. काचेला चिकटून कडेनं पाणी थोडं वर चढलेलं असतं, ते धरायचं नाही. मग नोंदवहीत तारीख, आकडा आणि शेवटी शेरा. एवढंच.

हे मला शिकवलं एका शिपायानं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊसाहेब, पाऊस असू दे नाहीतर नसू दे, रोज उघडून बघायचं." तेव्हा एप्रिल होता. आभाळ कोरं, फुफाटा उडतोय आणि हे मला नरसाळं उघडायला लावतायत. मी विचारलं, कशासाठी? त्यांनी नुसतं नरसाळ्याच्या बुडाशी बोट दाखवलं. कुंभारीण माशीनं त्या बारक्या भोकात मातीचं घर बांधायला घेतलं होतं. महिनाभर कुणी फिरकलं नसतं, तर मेमधला पहिला वळीव नरसाळ्यातच तुंबून वरून सांडला असता आणि आम्ही वहीत शून्य लिहून मोकळे झालो असतो. पुढं मी त्यात सगळं पाहिलं. पिंपळाचं पान, चिमण्यांची घाण, कोळ्याचं जाळं, आणि एकदा तर शेजारच्या शाळेतल्या पोरांनी हौसेनं ओतलेलं तांब्याभर पाणी.

सवयीबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं त्या एप्रिलमध्ये कळलं. सवय कोरड्या दिवसांसाठी असते. पावसाच्या दिवशी सगळेच नरसाळ्याकडे धावतात. कलेक्टर कचेरीचा फोन येतो, वार्ताहर येतो, शेतकरी येतात. त्या दिवशी काम करायला शिस्त लागत नाही, उत्साह पुरतो. पुस्तकांत लिहिलेलं असतं की सवय टिकवायची तर स्वतःला बक्षीस द्या. माझ्या सवयीला वर्षातले बहुतेक दिवस शून्याचंच बक्षीस होतं आणि तरी ती टिकली. मला वाटतं ती टिकली, कारण ती दहा मिनिटांची होती आणि तिच्याकडून मला काही मिळवायचं नव्हतं.

आमच्या घरात साखरेचा आजार आहे, बायकोला. घरी तपासायचं यंत्र आणलं. माझ्या लक्षात आलं की पथ्य पाळलेल्या आठवड्यात ती हौसेनं तपासते आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी यंत्र सापडतच नाही. मी म्हटलं, पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशीच तर बघायला हवं. ती म्हणाली, "तुमचा पाऊस तुम्ही खाल्लेला नसतो, म्हणून तुम्हाला तो रोज बघवतो." याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. माणूस स्वतःला मोजतो तेव्हा त्याला आकड्याबरोबर स्वतःची शरमही वाचावी लागते. तरी आता ती कोणत्याही वारी तपासते आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवते, बरा असो वा वाईट. औषधाचा डोस बदलताना डॉक्टरांना त्या वाईट आकड्यांचाच जास्त उपयोग झाला.

दुसरी गोष्ट कोऱ्या रकान्याची. तालुक्यात महसूल मंडळं असतात आणि सकाळी मंडळांकडून आकडे यायचे. पूर्वी फोनवरून, नंतर मोबाइलवर. पावसाळ्यात नेमके फोन बंद पडायचे. रेंज नाही, लाइट नाही, माणूस पुलाच्या पलीकडे अडकलेला. पण वर अहवाल तर वेळेत पाठवायचा. मग अशा वेळी रकान्यात सरळ शून्य टाकायचा मोह होतो. शून्य टाकलं की तक्ता भरल्यासारखा दिसतो, बेरीज होते, कुणी विचारत नाही. सरकारी कामात यासाठी दोन वेगळे शेरे आहेत. पाहिलं आणि काही नव्हतं, तर निरंक. आकडा आलाच नाही, तर अप्राप्त. अप्राप्त लिहिलं की वरून फोन येतो, खुलासा मागतात, म्हणून लोक ते लिहायचं टाळतात.

या दोहोंत फरक किती, ते दुष्काळाच्या साली दिसतं. 2018 च्या ऑक्टोबरअखेरीस राज्यानं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. केंद्राच्या 2016 च्या नियमावलीप्रमाणे त्यात नुसती पावसाची तूट बघत नाहीत, पावसातला खंडही बघतात, म्हणजे सलग तीन-चार आठवडे पाऊस न होणं किंवा फारच कमी होणं. खंड सिद्ध होतो तो शून्यं एकापुढे एक मांडून. साहेब ज्याला पगारी सुट्टी म्हणायचे, ती शून्यं. पण त्या रांगेतलं एखादं शून्य न बघता टाकलेलं निघालं, तर सगळी रांग संशयात येते. ज्या दिवशी खरंच काही पडलं नाही, त्या दिवसाची साक्षही मग कुणी धरत नाही.

हळूहळू मला दिसायला लागलं की माणसं मनाच्या वहीतही असंच करतात. निरोप आला नाही की शून्य टाकून मोकळी होतात. आमच्याकडचा एक सहकारी भावाशी कित्येक वर्षं बोलत नव्हता, का, तर आई गेल्यावर भावानं वर्षश्राद्धाबद्दल विचारलंसुद्धा नाही. पुढे समजलं की भावानं निरोप पाठवला होता आणि ज्याच्याकडे दिला तो माणूस मधेच अपघातात सापडला होता. तोवर वाटणीचा खटला उभा राहिलेला. निरोपाचं समजल्यावर खटला मिटला असं काही झालं नाही. वकील लागले की नुसत्या निरोपानं मिटत नाही.

माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे, पाळ्यांमध्ये काम करतो. आठ-दहा दिवस फोन येत नाही. शेजारीपाजारी विचारतात, "विसरला का काय?" आमच्या घरात याला ठरलेलं उत्तर आहे, आजचा अहवाल अप्राप्त. गंमत म्हणून सुरू झालं, पण त्यामुळे बायकोची झोप वाचली, हे खरं. कुणाच्याही गप्प बसण्याचा अर्थ लावायच्या आधी आपण बाटली उघडून पाहिली आहे का, एवढं विचारायची सवय लागली. बरेचदा पाहिलेली नसते.

आता ती सकाळ सांगतो, जिच्यामुळे काही लोक अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

आमच्याकडे जूनचा पाऊस नावाला. खरा पाऊस परतीचा, उत्तरा-हस्ताचा, ज्यावर शाळू पेरायचा. त्या वर्षी उत्तरा नक्षत्रात एका रात्री धो धो कोसळला. बाजरी काढायला आलेली, कांदा रानात. सरकारी हिशेबात मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि मग नुकसानभरपाईचं चाक फिरतं. हे आता गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. मी साडेआठच्या आधी पोचलो, तर आवारात चाळीसेक माणसं उभी होती.

मोजलं. 61.4.

पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. मग एकजण हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, 65 लिवा की. साडेतीन-चार मिलिमीटरनं सरकारचं काय जातंय?" दुसरा म्हणाला, "माझ्या रानात ढोपरभर पाणी हाय. तुमचं नरसाळं हितं, माझं रान दोन कोसावर." तो खरंच बोलत होता. एका नरसाळ्याच्या तोंडाएवढ्या जागेवर पडलेलं पाणी म्हणजे मंडळातल्या सगळ्या गावांचा पाऊस, हे मानून चालायची सोय आहे. निसर्ग काही तसं बघून पडत नाही. शिवाय त्याच मंडळात माझ्या सख्ख्या चुलत्याची जमीन होती, आणि चुलतेही त्या घोळक्यात होते. ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी मोजपात्र फरशीवर ठेवलं आणि त्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाला म्हटलं, "आबा, तुम्ही वाचा." आबा गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले. उठले आणि म्हणाले, "हाय तेच हाय." मग माझ्याकडे न बघता चालायला लागले.

मी 61.4 लिहिलं. शेऱ्यात लिहिलं की ओढ्याकाठच्या खोलगट रानांत पाणी साचल्याचं शेतकरी सांगतात, प्रत्यक्ष पाहणी व्हावी. तेवढं माझ्या हातात होतं. पाहणी झाली, पंचनामे झाले. काहींना मिळालं, काहींना नाही. अतिवृष्टीच्या यादीत त्या मंडळाचं नाव आलं नाही. त्यानंतरच्या दिवाळीत चुलत्यांकडून फराळाचा डबा आला नाही, आणि माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते आले ते अक्षता टाकून लगेच गेले.

मी बरोबर वागलो का, हे मला अनेकांनी विचारलंय. नियम निर्दय आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. 64 ला काही नाही आणि 66 ला सगळं, ही रेघ शेतात कुठंच दिसत नाही. पण ती रेघ ओढणं माझं काम नव्हतं, आणि आकडा एकदा माझ्या मर्जीवर आला असता, तर कुणाचं रान भिजलं आणि कुणाचं नाही, हे पुढं रोज सकाळी मलाच ठरवत बसावं लागलं असतं. त्या ओझ्याखाली मी एक वर्षही काढू शकलो नसतो. पाऊस पाडणं किंवा थांबवणं माझ्याकडे नाही, माझ्याकडे फक्त वाचणं आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी जितकी नकोशी वाटली, तितकीच पुढच्या आयुष्यात सोयीची ठरली. नोकरीतल्या बदल्या, मुलीच्या सासरच्या कुरबुरी, गुडघ्याचं दुखणं. दर वेळी आधी वाचायचं, नेमकं किती आहे ते. वाढवून नाही, कमी करून नाही. मग आपल्या हातात शेरा किती, ते बघायचं. बहुतेक वेळा एखादी ओळ असते. ती मात्र चोख लिहायची.

सरासरीबद्दलही थोडं. हवामान खात्यानं 1971 ते 2020 या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 87 सेंटिमीटर काढली आहे, आणि 96 ते 104 टक्क्यांच्या मधलं साल सर्वसाधारण मानतात. तालुक्याची सरासरी वेगळी. मी जुन्या वह्या चाळत असे. त्या सरासरीवर नेमकं बसणारं एकही साल मला सापडलं नाही. कुठं दीडपट, कुठं निम्मं. आणि बेरीज भरली म्हणजे साल चांगलं गेलं असंही नाही. एका साली बेरीज झकास भरली होती, पण त्यातला मोठा वाटा दोन रात्रींत पडून वाहून गेला, आणि बाजरी त्याआधीच करपली होती. खातं 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडलं तरच तो पावसाचा दिवस धरतं. शेतकऱ्याला असे दिवस किती आणि किती अंतरानं आले, ते हवं असतं.

म्हणून कुणी आयुष्याची बेरीज मांडायला बसलं की मला तो तक्ता आठवतो. साठाव्या वर्षी बंगला, मुलं परदेशी, खात्यात इतके लाख. बेरीज भरलेली असते, पण मधले खंड केवढे होते ते माणूस सांगत नाही.

दुसऱ्याच्या पावसाचा हेवा करायची खोड आम्हा पूर्वेकडच्यांना आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, म्हणजे आमचा जवळजवळ दोन वर्षांचा. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात एका दिवसात 594 पडला, आमच्या अख्ख्या सालापेक्षा जास्त. त्या भागातला एक कारकून प्रशिक्षणात माझ्या खोलीवर होता. मी म्हटलं, तुमचं बरं आहे. तो म्हणाला, चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी, आणि डोंगर एवढा उताराचा की मे महिन्यात आमच्या वाडीलाही टँकर लागतो. तेव्हापासून मी हेवा करण्याआधी समोरच्याच्या मे महिन्याची चौकशी करतो.

उलट, थोडक्यात समाधान मानायचा उपदेशही मी एकदा करून बघितला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला शंभर लिटर पाणी. तीन मिलिमीटरची भुरभुर झाली तरी एकराला बारा हजार लिटर, चांगला मोठा टँकर भरून. हा हिशेब मी एका शेतकऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगितला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, दुपारच्या उनात त्यातलं किती ऱ्हाईल, तेबी सांगा." मी हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला.

मधल्या काळात महावेधची स्वयंचलित केंद्रं मंडळामंडळात उभी राहिली. खांबावरचं यंत्र दिवसरात्र आपोआप आकडे पाठवतं. माझी साडेआठची गरज कमी झाली. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. यंत्राला चुलते नसतात. निवृत्तीनंतर मी घराच्या परड्यात स्वतःचं एक साधं पर्जन्यमापक लावलं. हवामान खात्याच्या पद्धतीनं देशभर जिथं हातानं पाऊस मोजतात, तिथं तो साडेआठलाच मोजतात. त्या वेळी आपण एकटे नसतो, याची मला अजून मजा वाटते. वहीत आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना मी घरच्या गोष्टींसाठी वापरतो. एक ओळ, जास्त नाही. "नात चालली." "मोटार जळली, दुरुस्तीला दिली." "काही विशेष नाही." हा शेवटचा शेरा मी पुष्कळदा लिहितो, पण दिवस आठवून बघितल्याशिवाय लिहीत नाही.

आता गावात आणखी दोघांनी प्लॅस्टिकची मापकं लावली आहेत, त्यातले एक त्या आबांचे चिरंजीव. पाऊस झाला की सकाळी फोन येतो, "ॲप 12 म्हणतंय, तुमच्याकडं किती?" गेल्या परतीच्या पावसात एका रात्री माझ्याकडे 9 होता, त्यांच्याकडे 22 आणि ओढ्यापलीकडे 31. कृषी सहायक पोरगा आला आणि वैतागून म्हणाला, यातला खरा कुठला धरू? आबांचे चिरंजीव म्हणाले, "तिन्ही लिवा, आन् कुणाच्या रानातला कुठला, ते म्होरं लिवा." पोरानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यात रकाना एकच होता. मग त्यानं मागच्या कोऱ्या बाजूला तीन रेघा मारल्या.